बाईंची वीतभर वीण

गुरुवारची दुपार. जेवणाची भांडी घासून पालथी घातल्यावर सुवार्ता साळवे पुढच्या खोलीतल्या खाटेवर भिंतीला पाठ टेकून बसते, मांडीवर पांढरी पट्टी पसरते आणि चष्मा लावते. आज उसवायचंच, असं तिने सकाळी ठरवलंय. पण बाहेर मार्चचं ऊन नुसतं भाजतंय, पंखा एका ठिकाणी आला की कुरकुरतो आणि पुन्हा फिरतो, वऱ्हांड्यात तिच्या नवऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र मधूनच सळसळतं. तिचे डोळे पट्टीवर आहेत. पट्टीवरची पानं हळूहळू एकमेकांत मिसळायला लागलीत.

चांदेगावच्या चर्चला येत्या रविवारी पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतायत. त्यासाठी महिला मंडळातल्या सात जणींनी गेल्या ऑगस्टपासून एक काम हाती घेतलं होतं. प्रभुभोजनाच्या टेबलावर अंथरायचं आच्छादन, बारीक सुती दोऱ्याचं, दोन सुयांवर विणलेलं. प्रत्येकीने एकसष्ट टाक्यांची एक पट्टी विणायची, आणि शेवटी सातही पट्ट्या जोडायच्या. नमुना द्राक्षाच्या पानांचा. पान भरीव, भोवती जाळी, मग पुन्हा पान. दोरा इतका बारीक की दिवसाला बोटभर वीण झाली तरी खूप झाली.

नमुना काढून दिला होता मनोरमाबाई शिरसाठांनी. बाई मिशनच्या मुलींच्या शाळेत छत्तीस वर्षं शिवण शिकवायच्या. सातांपैकी पाच जणींच्या हातात पहिल्यांदा सुया दिल्या त्या बाईंनीच, आणि त्या पाचांत सुवार्ता होती. सुवार्ता पुढे नर्स झाली, सरकारी दवाखान्यात तीस वर्षं इंजेक्शनं देऊन निवृत्त झाली, पण बाईंसमोर ती अजून सहावीतलीच होती. म्हणून मधली पट्टी, जिच्यावर पेला आणि भाकर ठेवायची ती, बाईंनीच विणायची हे न बोलताच ठरलं.

पण बाई एक्क्याऐंशीच्या. जूनमध्ये अर्धांगाचा हलका झटका येऊन गेलेला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, उजव्या हाताची थरथर काही गेली नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या जणी विणायला बसत आणि बाईंच्या सुयांवरून टाके घरंगळत. जिथे पान भरायचं तिथे जाळी पडे, जिथे जाळी हवी तिथे गाठ. कोणी काही बोलत नसे.

हॉलमध्ये उंदीर फार, म्हणून सगळ्या पट्ट्या सुवार्ताच्या घरी पेटीत राहायच्या. पहिल्याच आठवड्यात तिने घरी येऊन बाईंची पट्टी उघडली, चुकलेल्या ओळी उसवल्या आणि स्वतः पुन्हा विणून ठेवल्या. पुढच्या बुधवारी बाईंनी पट्टीवरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "बरं जमतंय हं मला अजून." सुवार्ताचा जीव भांड्यात पडला. मग ती दर आठवड्याला तेच करत राहिली. नाताळपर्यंत.

नाताळानंतर बाई यायच्या थांबल्या. थंडी बाधते म्हणाल्या, आणि पट्टी घरी मागवून घेतली. सुवार्ता दोनदा भेटायला गेली. बाई नीट बोलल्या, चहा दिला, पण पट्टीचा विषय काढला नाही. फेब्रुवारीत एका सकाळी बाई झोपेतच गेल्या. दफन झाल्यावर शेजारणीने जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली पट्टी सुवार्ताच्या हातात ठेवली. पट्टीला वर एक वीत नवी वीण होती. बाईंनी एकटीने घरी बसून विणलेली. त्यातली सगळी पानं उजवीकडे कललेली.

आणि आज सकाळी पाळकीणबाईंचा फोन. चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी तशा मायाळू, पण रविवार तोंडावर आलेला.

"सुवार्ताताई, मी बघितली ना ती पट्टी. वरची पानं सगळी वाकडी आहेत हो. नेमका मधला भाग. बाहेरून पाहुणे येणार. तुम्ही तेवढं उसवून नीट करून द्या. उद्या सकाळी जोडायला बसू. नाहीच झालं तर मग सहाच पट्ट्या जोडाव्या लागतील."

"करते," सुवार्ता म्हणाली होती. फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. बाई असताना हीच पट्टी तिने पंधरावीस वेळा उसवली होती. आता हात होत नव्हता. बाईंना कळलं होतं का? कळलं म्हणूनच त्या यायच्या थांबल्या का? शेवटच्या दोन महिन्यांत बाई आपल्यावर रुसून गेल्या असतील, तर आता विचारायचं कोणाला?

पंखा कुरकुरतो. पुन्हा फिरतो.

"किती वेळ नुसती बघत बसणार आहेस?"

बाई खाटेच्या कडेला बसल्यात. अंगावर फिकट पिवळं पातळ, कंबरेला रुमाल खोचलेला, केसांचा घट्ट अंबाडा. बाई वारल्यात हे सुवार्ताला ठाऊक आहे, आणि बाई इथे बसल्यात हेही. दोन्ही एका वेळी खरं असायला काही हरकत नाही, असं तिला वाटतं.

"बाई, पाणी देऊ?"

"पाणी नको. हा पंखा आधी दुरुस्त करून घे. प्रभाकर काय करतो दिवसभर?"

"पेपर वाचतात."

"वाचू दे. पाय वर घेऊ का गं मी?"

त्या पाय वर घेऊन मांडी घालतात. किती सहज! सुवार्ता त्यांच्या हातांकडे बघते. उजवा हात मांडीवर शांत पडलाय, थरथर नाही. तिला बाईंचा तो हात धरावासा वाटतो, पण सहावीतल्या मुलीने बाईंचा हात कसा धरायचा?

कारण ती सहावीतच आहे. समोर फळा आहे, फळ्यावर खडूने पानाची आकृती, टाक्यांच्या जागी फुल्या. ती बुटक्या बाकावर बसलीय, गुडघे हनुवटीपर्यंत आलेत, पायांत मात्र दवाखान्यातले पांढरे बूट. वर्गात दुसरं कोणी नाही. बाई बाकांमधून चालत येतात आणि तिच्या मांडीवरची पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात धरतात.

सुवार्ता बूट बाकाखाली ओढून घेते.

"हे कोणी विणलं?" बाई विचारतात.

"तुम्ही."

"आणि हे खालचं?"

"तेही तुम्हीच, बाई."

बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघतात. मग हसायला लागतात. आवाज न करता, खांदे हलवत, शाळेत कधीच हसल्या नव्हत्या तशा.

"सुवार्ते, माझा टाका घट्ट. तुझा ढिला. सहावीपासून ढिला. डोळ्यात मोतीबिंदू आला म्हणून बोटंही आंधळी झाली का माझी?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या बुधवारी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू इतक्या मायेने लबाडी करत होतीस. मी हात फिरवायचे आणि तू श्वास धरून बघत असायचीस. मला तर बुधवारची वाट बघायची सवय लागली."

सुवार्ताचे कान तापतात. साठ वर्षांची बाई, आणि चोरी पकडली गेल्यासारखी खाली मान घालून बसलीय. बाकावर कोणीतरी कर्कटकाने नाव कोरलंय. ती वाचायचा प्रयत्न करते, तर अक्षरं टाके होतात आणि एकेक करून निसटतात.

"चला," बाई म्हणतात. "गाडी चुकेल."

एसटी भरधाव निघालीय. सुवार्ता खिडकीशी, बाई तिच्या शेजारी, पट्टी दोघींच्या मांडीवर पसरलेली. कंडक्टर पुढून येतो. त्याच्या खांद्याला पिशवी नाही, दोऱ्याचा गुंडा आहे.

"मला तिकीट नाही लागत," बाई ठसक्यात सांगतात. "पंच्याहत्तरी होऊन गेलीय माझी."

"आणि या?"

"ही माझ्याबरोबर आहे. पण ही पुढच्या फाट्यावर उतरून परत जाणार."

कंडक्टर मान हलवून पुढे जातो. सुवार्ता पट्टीचं टोक मुठीत धरते.

"मी येते ना तुमच्याबरोबर थोडं लांब."

"शहाणी आहेस. उद्या पट्ट्या कोण जोडणार?"

खिडकीबाहेर ज्वारीची कापलेली शेतं मागे पळतायत. मग शेतांच्या जागी दवाखान्याचा वऱ्हांडा येतो, ओळीने खाटा, प्रत्येक खाटेवर कोणीतरी पाठमोरं झोपलेलं, प्रत्येकाच्या अंगावर पांढरी जाळी. सुवार्ताला भीती वाटत नाही. तिला फक्त वाटतं, यांची पांघरुणं नीट करायला हवीत. पण गाडी थांबत नाही.

ती धीर करून विचारते, "बाई, मग नाताळानंतर पट्टी घरी का नेलीत? माझ्यावर रागावलात ना?"

बाई पट्टीवरची सुरकुती तळहाताने सारखी करतात.

"रागावले होते. खोटं कशाला सांगू? छत्तीस वर्षं मी मुलींच्या हातातलं काढून घेतलं आणि सर्रकन उसवून परत दिलं. कोणी रडली तरी म्हणायचे, नीट शिकायचं असेल तर उसवलंच पाहिजे. आपलं कोणी उसवलं की इथे कसं होतं," त्या छातीवर बोट ठेवतात, "ते मला एक्क्याऐंशीव्या वर्षी कळलं. तेही तू शिकवलंस."

"बाई, मी असं..."

"ऐक तरी. दोन दिवस रागावले. तिसऱ्या दिवशी विणायला घेतलं, तर राग कुठे ठेवला होता तेच आठवेना." त्या पुन्हा खांदे हलवत हसतात. "पण पट्टी काही परत पाठवली नाही. म्हटलं, एवढं मोठं आच्छादन होणार, माझं नाव घेऊन सगळे म्हणणार बाईंची पट्टी, बाईंची पट्टी. आणि त्यात माझा टाका एकही नाही. एक वीत तरी माझी असू दे."

सुवार्ता पट्टीकडे बघते. तिने दरवेळी किती अलगद उसवलं होतं, दोऱ्याला पीळ पडू नये म्हणून किती जपलं होतं. दोऱ्याला जपलं. हे तिच्या आत्ता लक्षात येतं, आणि तिला इतकं रडू येतं की चष्मा काढून ठेवावा लागतो.

"आता रडायचं नाही," बाई म्हणतात. "तुझ्या हातचं वाईट होतं असं म्हणते का मी? ढिलं आहे, पण देखणं आहे."

"खरंच?"

"माझ्या सगळ्या मुलींत तुझा हात चांगला. हे शाळेत सांगितलं असतं तर तू विणायचं सोडून मिरवत बसली असतीस."

बाई रुमालाने तिचं नाक पुसतात, लहान पोरीचं पुसावं तसं जरा जोरातच. रुमालाला साबणाचा आणि लवंगेचा वास आहे.

गाडी थांबत नाही, पण त्या दोघी उतरल्यात. चर्चमध्ये आहेत. बाकं नाहीत, मधोमध फक्त टेबल, आणि टेबलावर आच्छादन अंथरलेलं, सातही पट्ट्या जोडून झालेल्या. ते टेबलाच्या कडांवरून खाली उतरतं, फरशीवरून पसरत जातं, दारातून बाहेर उन्हात जातं. सुवार्ता चप्पल काढून त्याच्या काठाकाठाने चालते. सहा जणींचे हात तिला ओळखू येतात. ही लीलाची घाईची वीण, ही सरोजची, प्रत्येक पानाचं टोक जरा बोथट. इतक्या दिवसांत हे तिला दिसलंच नव्हतं. सगळ्या सारख्याच नमुन्यावर विणत होत्या, आणि एकीचंही पान दुसरीसारखं नाही.

मधल्या पट्टीपाशी बाई उकिडव्या बसल्यात. ऐंशी वर्षांचे गुडघे, आणि उकिडव्या! हातात बोथट सुई, सुईत निळा दोरा.

"इकडे ये. बघून ठेव, पुन्हा सांगणार नाही."

सुवार्ता त्यांच्या शेजारी बसते.

"हा वरचा भाग बघ. या शेवटच्या चार ओळी. या मी तापात विणल्या. काय विणत होते मला ठाऊक नव्हतं, हात आपले चालत होते. या माझ्यासुद्धा नाहीत. या उसव, खुशाल उसव. पण इथून खाली," त्या नखाने एक ओळ दाखवतात, "इथून खाली हात लावायचा नाही."

"पण पानं कललीत, बाई. पाळकीणबाई म्हणतात..."

"कललीत. दर ओळीला माझा एक टाका बाजूला सरकायचा. पण दर ओळीला तोच, हे बघितलंस का? मोजून बघ. सगळी एकाच बाजूला कललीत, एकही उलटी नाही." बाईंच्या आवाजात शाळेतली ऐट आहे. "पाळकीणबाईंना म्हणावं, वेलीवर पानं कशी असतात ते एकदा जाऊन बघा."

आणि त्या निळा दोरा ओवायला लागतात. त्या ओळीतल्या एकेका टाक्यातून सुई जाते, टाका उचलते, पुढे सरकते. एकसष्ट टाके. हात जरासुद्धा हलत नाही. सुवार्ता श्वास धरून बघते.

"असा दोरा घातला की वर कितीही उसवलं तरी वीण इथे येऊन थांबते. खाली उतरत नाही. टाका न टाका धरलेला राहतो."

"हे तुम्ही शाळेत शिकवलं नाहीत."

"शाळेत तुम्हाला उसवायची भीती वाटायला हवी होती."

शेवटचा टाका ओवून बाई दोन्ही बाजूंना बोटभर दोरा सोडतात, आणि दोरा तोडायला तोंड खाली नेतात. त्यांच्या मानेवरची पांढरी लव सुवार्ताला अगदी जवळून दिसते. ती आता विचार करत नाही. दोन्ही हातांनी बाईंना मिठी मारते, चांगली घट्ट. बाई हाडकुळ्या आहेत, उबदार आहेत, आणि जरा अवघडल्यात.

"पुरे, पुरे. पातळ चुरगळेल माझं."

पण त्याही लगेच सोडवून घेत नाहीत. तिच्या पाठीवर तीनदा थोपटतात.

"बाई, पुन्हा याल?"

"आता कशाला?" बाई प्रेमाने म्हणतात. "नळाला पाणी आलंय बघ."

नळाला पाणी आलंय. मागच्या अंगणात रिकाम्या बादलीत धार पडतेय, आणि वऱ्हांड्यातून प्रभाकर हाक मारतोय, "अगं सुवार्ता, उठतेस ना? पाणी आलं!"

ती डोळे उघडते. चार वाजलेत. पंखा कुरकुरतो. चष्मा शेजारी घडी करून ठेवलाय, मान अवघडलीय, गालांवर ओल आहे. खाटेच्या कडेला कोणी नाही. तिथली चादर तिने दुपारी ओढून घेतली होती तशीच सपाट आहे.

ती पट्टी उचलते. वरच्या टोकाला सुई आहे तशीच, टाके भरलेली. आणि सुईच्या खाली चार ओळी सोडून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक निळा दोरा गेलाय.

सुवार्ता खूप वेळ नुसती बघत राहते. मग चष्मा लावते आणि बोटाच्या टोकाने मोजायला लागते. एकसष्ट. एकही टाका सुटलेला नाही. दोन्ही बाजूंना बोटभर दोरा मोकळा. ती खाटेवरचा डबा उपडा करते. पांढऱ्या दोऱ्याचे तीन गुंडे, कात्री, फूटपट्टी. निळं त्यात काही नाही. घरात निळा दोरा कधी आणल्याचंही तिला आठवत नाही.

"अहो," ती वऱ्हांड्यात जाऊन विचारते, "मी झोपले होते तेव्हा कोणी आलं होतं?"

प्रभाकर पेपरातून मान वर करतो. "या उन्हात कोण येणार? मी इथेच तर बसलोय." मग तिचा चेहरा बघून पेपर खाली ठेवतो. "का गं? काय झालं?"

"काही नाही. बादली भरली की नळ बंद करा."

ती आत येते आणि पाळकीणबाईंना फोन लावते.

"पट्टी उद्या आणते. वरच्या चार ओळी तेवढ्या नीट करून देते."

"आणि ती वाकडी पानं?"

"ती तशीच राहतील."

"अहो ताई, नेमकी मध्ये येतात ती. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"सांगा, ती मनोरमाबाईंनी विणलीत," सुवार्ता म्हणते. "आणि पट्टी बसेल तर अशीच बसेल. नाहीतर मग माझीही काढा. पाचच जोडा."

"अगं बाई!" पाळकीणबाई म्हणतात, आणि मग मऊ आवाजात, "बरं. आणा. आपण बसू जोडायला."

फोन ठेवून सुवार्ता खिडकीशी उजेडात बसते. पट्टी मांडीवर घेते आणि सुई टाक्यांमधून अलगद ओढून काढते. एकसष्ट टाके उघडे पडतात. ती दोऱ्याचं टोक धरते आणि ओढते. पहिली ओळ सुटते. दुसरी, तिसरी. दोरा कुरळा होऊन तिच्या पायाशी पडतो. चौथी ओळ ती डोळे मिटूनच ओढते, टाक्यामागून टाका, कडेपर्यंत, आणि मग आणखी जरा जोर लावते.

दोरा ताठ होतो. पुढे येत नाही.